बटण दाबायच्या आधी

दोन्ही तळहात कानांवर ठेवा बघू. घट्ट. अजून थोडे घट्ट. आता अशी कल्पना करा, की तुम्ही तिसरीच्या वर्गात बसला आहात. गुरुजींचे ओठ हलताहेत, पण आवाज येतो तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मध्येच सगळा वर्ग हसतो. कशाला हसतो, ते तुम्हाला कळत नाही. पण सगळे हसत असताना एकट्यानं गप्प कसं राहायचं? म्हणून तुम्हीही हसता... सगळ्यांच्या मागून, थोडं उशिरा.

आठ वर्षांची त्रिशला रोज अशी उशिरा हसायची.

काढा आता हात. गोष्ट प्रेमाची आहे, पण त्रिशलेला वगळून ती सांगता येत नाही.

१९७८ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कोल्हापुरात गुळाचा हंगाम सुरू झाला होता. शाहूपुरीच्या रस्त्यांवर गुळाच्या रव्यांनी, म्हणजे मोठाल्या ढेपांनी, भरलेल्या गाड्या दाटीनं उभ्या असायच्या. हवेला असा गोड वास, की श्वास घेतला तरी जिभेला चव लागावी. अशा एका सकाळी, भर रस्त्यात, श्यामला डोळे मिटून उभी होती. खांद्याला पिशवी, हातात एक जड निळी पेटी.

करकचून ब्रेक लागला. सायकलचं पुढचं चाक तिच्या साडीच्या काठापाशी येऊन थांबलं.

“ओ पावणं! उभ्या उभ्या झोपताय व्हय?”

“शू!” डोळे न उघडताच ती म्हणाली. “ऐकतेय मी.”

“काय ऐकताय?”

“काहीच ऐकू येणार नाही अशी जागा शोधतेय.”

“कोल्हापुरात?” तो इतक्या मोठ्यानं हसला, की गाडीचा बैलही वळून बघायला लागला. “अहो बाई, हितं कानात सांगितल्यालं गुपित तीन गल्ल्या पल्याड ऐकू जातंय. शांतता पायजे तर पन्हाळ्यावर जावा की!”

श्यामलेनं डोळे उघडले. उंच, सावळा, कपाळावर घामाचे थेंब. शर्टाच्या बाहीवर खडूचे पांढरे ठसे.

“मी शाळांमधून या पेटीनं मुलांचे कान तपासते,” ती म्हणाली. “कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला यंत्र दिलं तर उपयोग होईल, ते ठरवायचं असतं. त्याला शांत खोली लागते. आणि इथल्या शाळेच्या एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला पत्र्याचे डबे ठोकणारे...”

“आणि मागं तालीम.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी तिथंच शिकवतो. माधव.” तो सायकलवरून उतरला. हसणं एकदम ओसरलं. “बाई... माझ्या वर्गात एक पोरगी हाय. तिला जरा बघाल?”

सायकल हातानं ढकलत तो तिच्याबरोबर चालू लागला आणि त्रिशलेबद्दल सांगू लागला. फळ्यावरचं सगळं ती मोत्यासारखं उतरवून घेते. पण तोंडी सांगून लिहायला लावलं, की पाटी कोरी. हेडमास्तर म्हणतात, लक्ष देत नाही. तिचे वडील बापूसो, गुळाचे अडते. पोरीची आई नाही. ते म्हणतात, तिला डोकंच नाही. कान तपासा म्हणून माधवनं त्यांच्यामागं लकडा लावला होता. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, कानात दोष निघाला तर पैसा लागू दे, यंत्र घालू, शिकवू. कान चांगले निघाले तर शाळा बंद. पोरगी जाईल चंदगडला आत्याकडं, तिची लहान मुलं सांभाळायला.

“म्हंजे सगळं तुमच्या त्या पेटीवर हाय बघा,” माधव म्हणाला.

“पेटी खोटं बोलत नाही,” श्यामला म्हणाली. नव्या नोकरीतली माणसं असं ठामपणे बोलतात.

जागा माधवनंच शोधून दिली, आणि तीही बापूसोंचीच. त्यांचं गुळाचं गोदाम. गोणपाटात बांधलेल्या रव्यांच्या थप्प्या पार आढ्यापर्यंत गेलेल्या. सकाळचे सौदे आटोपले, हमाल जेवायला गेले, की आत अशी शांतता, की बोललेला शब्द तिथंच गुळात रुतून बसायचा.

त्या आठवड्यात रोज दुपारी शाळेतली मुलं गोदामात यायची. श्यामला त्यांच्या कानांवर काळे गोल हेडफोन चढवायची, समोर चिंचोके आणि पितळेची वाटी ठेवायची. “टूं असा आवाज आला, की एक चिंचोका वाटीत टाकायचा. आवाज मोठा असू दे, बारीक असू दे. नाही आला तर टाकायचा नाही.” मग मुलांच्या पाठीमागं पेटी घेऊन बसायची आणि बटणं दाबायची. मुलांनी तिचा हात बघू नये, म्हणून हे पाठीमागं बसणं.

माधव मुलांना आणायचा, पोचवायचा आणि दोन्हीच्या मधे रेंगाळायचा.

“हलू नका!” एकदा तो दारातूनच म्हणाला. “केसांत मधमाशी बसलीया.”

“अगंबाई! काढा की मग!”

“कशी काढू? तिनं जागा बरी बघून घेतलीया.”

“गुरुजी!”

“काढतो की. पण तिला वाईट वाटंल बघा.”

त्यानं वहीच्या पुठ्ठ्यानं माशी अलगद उडवली. श्यामला पुन्हा पेटीकडं वळली, पण कुठलं बटण दाबायचं होतं तेच तिला आठवेना. असं तिला आजवर कधी झालं नव्हतं. संध्याकाळी राजारामपुरीत मामांच्या घरी ती या खोलीतून त्या खोलीत उगाच फिरत राहिली. मामी म्हणाली, “काही हरवलंय का गं?” “नाही... काही नाही,” असं म्हणून ती पुन्हा फिरायला लागली.

शुक्रवारी त्रिशलेची पाळी आली. दोन वेण्या, मोठे टपोरे डोळे. हेडफोन बघून ती जी घाबरली, ती थेट माधवच्या मागं. त्याचा शर्ट काही सोडेना.

“मी बसू का हिच्यासमोर?” माधवनं विचारलं. “मी दिसलो म्हंजे बसंल ती.”

“बसा. पण काही बोलायचं नाही, खूण करायची नाही. नुसतं बसायचं.”

“देवळातल्या नंदीवानी बसतो.”

तो बसला. त्रिशला त्याच्यासमोर बसली. तिच्या पाठीमागं, रव्यांच्या थप्पीला टेकून श्यामला. तिनं बटण दाबलं. टप्... वाटीत चिंचोका पडला. आवाज कमी केला. टप्. अजून कमी केला, इतका की चांगल्या कानांनाही जेमतेम ऐकू यावा. टप्! एकही चूक नाही.

श्यामलेनं पेटी बंद केली. बापूसो दारात उभे होते. खांद्यावर उपरणं, हाताला गुळाची चिकटी.

“काय निघालं?” त्यांनी विचारलं.

“कान...” श्यामला अडखळली. “कान चांगले दिसताहेत.”

बापूसोंनी हाताची चिकटी उपरण्याला पुसली. मग म्हणाले, “म्हंजे डोस्क्यातच न्हाय. मला वाटलं हुतं... जाऊ दे. सोमवारी हिची आत्या येणार हाय. संगट धाडतो.” आणि त्यांनी त्रिशलेच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. त्यांना वाईट वाटतंय एवढं तिला दिसलं असावं. का, ते कळलं नाही.

बापलेक बाहेर पडत होती तेवढ्यात दाराशी हमालाच्या हातून रिकामं पत्र्याचं पिंप निसटलं आणि फरशीवर आदळून गडगडत गेलं. माधव दचकला. श्यामला दचकली. बाहेरचा बैल दचकला.

त्रिशला तशीच चालत राहिली.

आता सांगा, अशा वेळी चहाकडं लक्ष कसं जावं? मामीनं केलेला चहा श्यामलेसमोर निवून गेला. कान चांगले, मग पिंपाचा आवाज कसा आला नाही? पेटी बिघडली? पण बाकीच्या मुलांची तपासणी तर बरोबर निघाली होती. ती उठायची, खिडकीशी जायची, परत येऊन बसायची. पेटी खोटं बोलत नाही, असं ती म्हणाली होती. आणि डोळे मिटले की त्रिशलेच्या चेहऱ्याशेजारी आणखी एक चेहरा उगाच दिसायचा, बाहीवर खडू असलेला. त्याचा या प्रश्नाशी काय संबंध? काहीच नाही... की आहे?

शनिवारची शाळा सकाळची. ती सुटताच श्यामला दारात हजर.

“गुरुजी, त्रिशलेला घेऊन गोदामात चला. काल बसला होतात तसेच बसायचं.”

“काय झालं?”

“काही विचारू नका. बसा.”

तो बसला. त्रिशला बसली. या खेपेला श्यामलेनं एक गोष्ट केली आणि ती कुणालाच सांगितली नाही. हेडफोनची वायर पेटीतून उपसून काढली. आता हेडफोनमध्ये काही म्हणजे काही वाजणार नव्हतं.

तिनं बटण दाबलं.

टप्. वाटीत चिंचोका!

तिनं पुन्हा दाबलं. टप्. थांबली... चिंचोका पडला नाही. पुन्हा दाबलं. टप्! मुक्या हेडफोनमधून पोरगी बरोबर उत्तरं देत होती. तिची पाठ श्यामलेकडं होती. मग ती बघत होती कुणाकडं?

श्यामलेनं हळूच मान वर केली. त्रिशला बघत होती माधवकडं. आणि माधव बघत होता... श्यामलेकडं.

“गुरुजी, तुम्ही हिला खूण करताय!”

“आईशप्पथ न्हाय! हात बघा, मांडीवर हाईत.”

“मग मी बटण कधी दाबते, ते हिला कळतं कसं?” तिनं उपसलेली वायर उचलून त्याला दाखवली. “आवाज बंद आहे. तुमच्या तोंडावर काहीतरी दिसतंय तिला. तुम्हाला तरी कळतं का, मी कधी दाबते ते?”

माधवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बोला! पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे.”

“कळतं,” तो जमिनीकडं बघत म्हणाला.

“कसं?”

“बटण दाबायच्या आधी तुम्ही... खालचा ओठ असा दातांत धरता.”

“मग?”

“मग काय? मला बघितल्याबिगर राहवत न्हाय. बघितलं की... हसू येतं. मी दाबून धरतो हो. पर आतल्या आत येतंच.”

गोदामात फक्त माश्यांची गुणगुण. श्यामलेचा चेहरा तापला. राग म्हणावा तर राग, आणि त्याच्या खाली भलतंच काहीतरी, उकळत्या रसावर बुडबुडे यावेत तसं. पण आधी राग बाहेर पडला.

“तुमच्या त्या हसण्यानं एक पोरगी शाळेतून उठत होती, कळतंय का?”

त्याच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं हसू झर्रकन उतरलं. समोर त्रिशला हातात चिंचोका धरून त्याच्याकडं बघत होती. आता टाकू की नको, असं विचारत असल्यासारखी.

“चला,” तो उठला. “बापूसोंना सांगतो.”

“काय सांगणार?”

“खरं ते.”

बापूसो पेढीवर बसले होते. आजूबाजूला दोन-तीन व्यापारी, दाराशी हमाल. माधव मधोमध जाऊन उभा राहिला. कोल्हापूरचा माणूस, हळू बोलणं त्याला येत नव्हतंच.

“बापूसो, कालची तपासणी चुकली. पोरगीनं आवाज ऐकला न्हाय. माझं तोंड बघून चिंचोकं टाकलं.”

“तुमच्या तोंडावर काय हुतं?”

“मी... ह्या बाईंकडं बघत हुतो.”

“कशापायी?”

पेढीवर शांतता पसरली. एवढी शांतता श्यामलेला आठवडाभर शोधूनही सापडली नव्हती.

“आवडत्यात म्हणून!” माधव म्हणाला.

हमालांत खसखस पिकली. श्यामलेला वाटलं, गुळाच्या थप्पीत कुठं फट असेल तर आत शिरावं. पण बापूसो हसले नाहीत. ते गादीवरून उठून लेकीसमोर येऊन बसले.

“मास्तर, आमच्या वडलांच्या वक्ताला भाव तोंडानं सांगत नव्हते,” ते हळूहळू म्हणाले. “उपरण्याखाली एकामेकाची बोटं धरायची. आन् तोंडाची सुरकुतीसुदिक हलू द्यायची न्हाय. समोरचा तोंड वाचतोय म्हणून. तसलं तोंड वाचायला मला निम्मं आयुष्य लागलं.” त्यांनी लेकीची हनुवटी धरली. “आन् ही एवढीशी पोर... मी हिला बिनडोक म्हणत हुतो.”

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि नाकडोळे पुसले. मग तेच उपरणं माधवच्या अंगावर टाकलं. “घ्या. परत तपासणी करा. आन् तुम्ही डोस्कं झाकून बसा. तुमचं तोंड लई महागात पडतंय.”

पुन्हा गोदाम. माधव थप्पीकडं तोंड करून, डोक्यावरून उपरणं घेऊन बसला, लग्नात रुसलेल्या नवरीसारखा. त्रिशला आधी बावरली. बघायला कुणाचा चेहराच नाही! मग वडिलांनी पाठीमागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती बसली.

श्यामलेनं वायर जोडली. बटण दाबलं. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. त्रिशलेचे खांदे ताठ झाले. ती शोधत होती, पहिल्यांदाच डोळ्यांनी नाही, कानांनी. आवाज आणखी एक खूण वर... टप्.

बारीक, उंच आवाजांना तर वाटी रिकामीच राहिली.

“खूपच कमी ऐकू येतं हिला,” श्यामला म्हणाली. “पण जेवढं येतं त्यावर यंत्र चालेल. समोर बसवायचं, तोंड दिसेल असं बोलायचं. ही शिकेल, बापूसो. भरपूर शिकेल.”

“आत्याला सांगतो, पोरं तुझी तू सांभाळ,” असं म्हणून बापूसो बाहेर गेले. तिथून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

श्यामलेनं पिशवीतून नमुन्याचं श्रवणयंत्र काढलं. आजच्यासारखं इवलंसं नव्हतं ते. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंड. डबी तिनं कापडी पिशवीत घालून त्रिशलेच्या गळ्यात अडकवली, बोंड कानात बसवलं, चक्री हळूहळू फिरवली.

त्रिशला जागीच थिजली. मग तिचा हात झग्याला घासला आणि ती दचकली. पुन्हा मुद्दाम घासला. नखानं डबी खरवडून बघितली, डोळे विस्फारले. आवाज डबीतून आत शिरतो, हे तिचं तिलाच कळलं. झालं! ती डबी पुढं धरून गोदामभर फिरू लागली. पितळेच्या वाटीपाशी, गोणपाटापाशी, माश्यांपाशी.

“मी आता उपरणं काढू का?” माधवनं विचारलं.

“मी सांगितलं का काढा म्हणून?”

“उकडतंय हो बाई.”

“उकडू दे. पेढीवर चारचौघांत काय बोललात ते आठवा जरा.”

“खरंच बोललो की.” उपरण्याआतून आवाज आला. मग जरा थांबून, “आता पुढं कुठं?”

“सोमवारी वारणानगर. मग बिद्री... मग चंदगडकडच्या शाळा.”

“हितलं काम संपलं म्हणा.”

“संपलं.” ती वायर गुंडाळू लागली. गुंडाळलेली सोडली, पुन्हा गुंडाळली. हात काही एका जागी राहीनात.

माधवनं उपरणं काढलं आणि तो वळला. केस विस्कटलेले, चेहरा घामेजलेला. त्या चेहऱ्यावर आता लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

“श्यामलाबाई... मला कायम असंच बघत बसायला चालंल. तुमची हरकत नसंल तर. म्हंजे... लग्न कराल का माझ्याशी?”

त्रिशलेसमोर मोठी माणसं नेहमीच असं बोलायची, ती तिथं नाहीच असं धरून. दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की गोदामात फिरणारी तिची पावलं थांबली आहेत.

श्यामलेनं वायर पेटीवर ठेवली. खालचा ओठ दातांत धरला.

त्रिशला आली. दोघांच्या मधे उभी राहिली. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग गळ्यातली पिशवी काढून तिनं डबी दोन्ही हातांत घेतली, टाचा उंचावल्या, आणि श्यामलेच्या ओठांसमोर धरली.